रेंज गेली नव्हती

"मेलं ऐन बोलण्यात मरतंय. ह्याच्यापेक्षा मी हितनं ओरडले असते तर मुंबईला ऐकू गेलं असतं."

माझ्या बरोबर खाली, सभागृहाच्या ओट्यावर बसलेल्या आवडीबाई असं पुटपुटल्या आणि त्यांनी बांबूला एक टपली मारली. त्या बांबूच्या टोकाला लोणच्याची रिकामी प्लॅस्टिकची बरणी उलटी टांगलेली असते. त्या बरणीत मी राहतो. टपलीसरशी बरणी डोलली, मीही डोललो, आणि मला नवल वाटलं. कारण मी मेलो नव्हतो. माझ्या पडद्यावर रेंजच्या चारही काड्या ताठ उभ्या होत्या.

मित्रांनो, मी एक जुना मोबाईल आहे. माझी काच तडकलेली आहे, आवाज गेलेला आहे आणि अंगाला आंब्याच्या लोणच्याचा वास येतो. मला आता कोणी फोन म्हणत नाही. पोलादपूरच्या वर, आंबेनळी घाटाच्या समोरच्या डोंगरात आमची वाडी आहे. तिथे मी मॉडेमचं काम करतो. म्हणजे हवेतून इंटरनेट घ्यायचं आणि वायरीतून खाली कॉम्प्युटरला द्यायचं. काम पोस्टमनसारखं आहे. फरक एवढाच, की पोस्टमनला निदान लोक पाणी विचारतात.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. कारखाना कुठल्या गावाला होता ते मला माहीत नाही, कारण मी खोक्यात बसून बाहेर पडलो. एवढं आठवतं, की निळ्या टोप्या घातलेल्या मुलींच्या रांगेत एकीने माझ्या पाठीवर चिकटपट्टी लावली, मला चालू करून पाहिलं आणि मोठी जांभई दिली. जगात मी पहिल्यांदा पाहिलेली गोष्ट म्हणजे ती जांभई.

माझे पहिले मालक अनिल. औषधांच्या गोदामात कामाला, राहायला मुंबईत, गाव आमची वाडी. त्यांनी माझे फार लाड केले. रुमालाने पुसायचे, कुणाच्या हातात द्यायचे नाहीत. त्यांचं लग्न माझ्यावरूनच जुळलं म्हणा ना. दर्शनाताई माझ्यातून पहिलं वाक्य बोलल्या ते "जेवलात का?" असं होतं, आणि त्यानंतर दोघांनाही बराच वेळ काही सुचलं नव्हतं. मी तो सगळा गप्प वेळसुद्धा इमानाने पोचवला. बोलणं पोचवणं सोपं असतं. गप्प बसणं पोचवताना जास्त बॅटरी जाते, असं माझं मत आहे.

मग एक दिवस गोदामात वाकताना मी त्यांच्या खिशातून लादीवर पडलो. काच तडकली, आवाज गेला. अनिलनी नवा फोन घेतला आणि मी खणात गेलो. तिथे रबरबँड होते, संपलेले सेल होते आणि कुणाच्या तरी बारशाची पत्रिका होती. त्या अंधारात मी पुष्कळ दिवस काढले. माझी बॅटरी उतरत उतरत अगदी शून्यावर आली तेव्हा मला वाटलं, झालं, एवढंच आपलं आयुष्य.

पण शिमग्याला अनिल गावी आले ते मला पिशवीत टाकून. वाडीत दर्शनाताईंजवळ राहणाऱ्या आपल्या पोराला खेळायला होईल, एवढाच त्यांचा विचार. दर्शनाताईंनी मात्र मला पोराच्या हातातून काढून घेतलं.

त्यांनी लग्नाआधी पोलादपुरात कॉम्प्युटरचा कोर्स केला होता. इकडे सभागृहात मुंबई मंडळाने पाठवलेला एक कॉम्प्युटर होता. कुठल्या तरी ऑफिसने काढून टाकलेला. वाडीने त्याची पूजा केली, त्याला टेबलक्लॉथ पांघरला आणि तो तसाच राहिला, कारण वाडीत इंटरनेट नव्हतं. रेंजच नव्हती. दर्शनाताई मला हातात धरून वाडीभर फिरल्या. विहिरीची जागा शोधणारा माणूस फिरतो तशा, सावकाश, मला पुढे धरून. गोठ्याजवळ एक काडी आली आणि गेली. देवळामागे काहीच नाही. सभागृहाच्या कोपऱ्यावर त्यांनी हात उंच केला आणि समोरच्या घाटावरचा टॉवर मला दिसल्यासारखा झाला. तिथे बांबू उभा राहिला. त्याला ही बरणी आली. माझी चार्जिंगची जागा सैल झाली होती, ती त्यांनी महाडला नेऊन, चवदार तळ्याच्या रस्त्यावरच्या एका दुकानात बदलून आणली. मग दोन वायरी एकीला एक जोडून बरणीतून खिडकीपर्यंत आणि खिडकीतून कॉम्प्युटरपर्यंत नेल्या. कॉम्प्युटरने मला ओळखलं. खाली एक छोटी खूण उमटली आणि दर्शनाताई एकट्याच हसल्या.

त्या दिवशी मला नारळ फोडला. कुणीतरी कुंकू लावताना नेमकं कॅमेऱ्यावरच लावलं, त्यामुळे पुढे बरेच दिवस मला वाडी तांबडी दिसत होती. वाडीतले सगळ्यांत म्हातारे आणि सगळ्यांत तिखट जिभेचे कोंडाजी म्हणाले, "चला, पालखीला एक मानकरी वाढला. ह्याला पण होळीत उभा करा."

मित्रांनो, आमच्या वाडीचा कारभार कसा चालतो ते तुम्हाला सांगायला हवं. आमची अर्धी वाडी डोंगरात राहते आणि अर्धी मुंबईत. कुठलीही गोष्ट ठरवायची तर दोन्ही अर्ध्या मिळून ठरवतात. इकडे गावकी, तिकडे मुंबई मंडळ. पूर्वी निरोप माणसाबरोबर जायचे आणि जाताना बदलायचे. मी आल्यापासून महिन्यातून एका रविवारी दुपारी सभा माझ्यातून भरू लागली. तिकडे मंडळाची माणसं एका खोलीत दाटीने बसतात, इकडे बाप्ये सभागृहात आणि बायका बाहेर ओट्यावर. बायकांनी आत बोलायचं नाही असं कुणी सांगितलेलं नाही. पण कुणी बोलत नाही. सभा संपली की मात्र ज्याला त्याला आपापल्या माणसाचं तोंड बघायला मिळतं. तेव्हा आवडीबाई आत येतात.

आवडीबाईंचं घर सगळ्यांत वरचं. नवरा गेलेला, मुलगा विपुल मुंबईत, सून साक्षी, नात ऋतिका. ही माणसं गणपतीला येतात आणि पाचव्या दिवशी परत जातात. आवडीबाई पडद्यापुढे बसल्या की विपुल विचारतो, "आई, बरी हायेस ना?"

"बरी हाय."

"औषध घेतेस ना?"

"घेते. पोरीला कधी धाडतोस? चार दिस नको, चांगली ऱ्हाया धाड."

"बघू आई. तिची शाळा असते."

दर सभेला हेच. मला ते पाठ होतं. आयुष्यात त्यांना दुसरं काहीच नको होतं, नात आपल्या घरात राहावी एवढंच.

आता पुन्हा त्या टपलीकडे येतो.

त्या रविवारी मुंबईच्या बाजूने कुणीतरी विचारलं होतं, "वरच्या वरकसात, नाचणीच्या उतारावर भेग पडलीये म्हणतात, खरं काय?" आणि ते वाक्य मी खाली पोचवतो न पोचवतो तोच माझ्या पोटातली वायर तुटल्यासारखी झाली. चार्जिंग बंद. कॉम्प्युटर गेला. वायर सुटली की माझी मॉडेमगिरी आपोआप बंद पडते. मग बांबू खाली घ्यायचा, बरणी काढायची, माझ्या तडकलेल्या पडद्यावर बोट घासून ती पुन्हा चालू करायची. दर्शनाताईंनी ते सगळं केलं. तोवर मुंबईचे लोक देवळाच्या रंगावर आले होते.

"रेंज गेलीवती," सभागृहातून भिकाजींनी सांगितलं. भिकाजी गावकीचे अध्यक्ष आणि अनिलचे वडील, म्हणजे दर्शनाताईंचे सासरे.

मी चकित झालो. पण मला वाटलं, जोड सैल असेल. जुनी वायर आहे.

पुढच्या सभेत तेच झालं. भेगेचा विषय निघाला आणि वायर सुटली. या वेळी मी नीट पाहिलं, कारण कुंकू एव्हाना उडालं होतं. दोन वायरींचा जोड खिडकीच्या कट्ट्यावर येतो. खिडकीशी भिकाजींची ठरलेली जागा आहे, त्यांच्या वडिलांचीही तीच होती. त्यांनी समोर बघतच, चेहरा अजिबात न हलवता, डाव्या हाताच्या अंगठ्याने जोड निसटवला. तपकिरीची डबी उघडावी तसा.

मित्रांनो, मला जो धक्का बसला तो मी तुम्हाला कसा सांगू? गोदामाच्या लादीवर पडलो होतो तेव्हा एवढा लागला नव्हता. भिकाजी म्हणजे वाडीतला सरळ माणूस. कुणाच्या बांधावरची काटकी न उचलणारा. त्यांनी मला देवासमोर ठेवलं होतं. आणि तेच म्हणत होते, "गेली रेंज. काय करायचं ह्या डबड्याचं?"

यापेक्षा मोठा धक्का पुढे होता. मी आजूबाजूला पाहिलं, कुणाच्या तरी लक्षात आलं असेल या आशेने. सगळ्यांच्याच लक्षात आलं होतं. कोंडाजी छताकडे बघत होते. बाकीचे बाप्ये तंबाखू चोळू लागले होते. ओट्यावरच्या बायका पदराने वारा घेत होत्या. आणि दर्शनाताई बांबू खाली घ्यायला आल्या तेव्हा त्यांनी माझ्या चार काड्या पाहिल्या, अगदी स्पष्ट पाहिल्या, आणि मोठ्याने म्हणाल्या, "हां, रेंज गेलीवती."

भेग खरी होती. मला ती बांबूवरून दिसते. आवडीबाईंच्या घराच्या वर, नाचणी लावतात त्या उताराला आडवी पडलेली. आधी गवतात लपली होती, शिमग्यानंतर गवत कापलं तेव्हा उघडी पडली. तालुक्याहून माणसं येऊन पाहून गेली होती. त्यांनी सांगितलं, पाऊस सुरू व्हायच्या आत खाली रस्त्यालगत या, तात्पुरती सोय होईल, मग कायमचं बघू. वाडीने त्यांना चहा दिला, करवंदं दिली, मान डोलावली. ती माणसं घाटातून खाली उतरली आणि तो विषयही त्यांच्याबरोबर उतरला.

भिकाजी वायर का ओढतात ते मला पुढे एकदा कळलं. ते कोंडाजींबरोबर ओट्यावर बसले होते.

"मुंबईला कळलं तर वाडी उठवतील," भिकाजी म्हणाले.

"उठवू देत. तुझ्या बापाचं काय जातंय?"

"खाली रस्त्याला पत्र्याच्या शेडीत शिमगा करशील? पालखी कुठं नाचवशील, डांबरावर? एकदा हितून हाललो की ज्याचा तो बदलापूर-विरारला जाईल. परत कोण येतंय?"

"ती भेग माझ्या आज्याच्या वेळची हाय," कोंडाजी म्हणाले.

"हाय ना?"

"हाय म्हंजे... असंल."

दोघंही उताराकडे बघत नव्हते. मला राग यायला हवा होता, पण आला नाही. म्हाताऱ्या माणसाला आपल्या वाडीची भीती वाटत असते आणि वाडीशिवायचीही. त्यातली कुठली मोठी ते त्याला ठरवता येत नाही.

तरी मी मुंबईवर भरवसा ठेवून होतो. मला वाटायचं, एकदा, फक्त एकदा ते वाक्य पूर्ण पोचू दे, मग तिकडची माणसं पाहून घेतील. अनिल आहेत तिकडे. त्यांच्या खिशात मी राहिलेलो आहे.

आणि तशी वेळ आली. वैशाखातल्या सभेत भिकाजींचं वासरू सुटलं म्हणून ते धावत बाहेर गेले. जोडाजवळ कुणी नव्हतं. देवळाच्या कळसाचं चाललं होतं. कोंडाजींना ऐकायला कमी येतं आणि आपल्याला वाटतं त्यापेक्षा ते मोठ्याने बोलतात. शेजारच्याला म्हणून ते बोलले, "कळस कुणासाठी करतायत? ती वरची भेग आता हात घालण्याएवढी झालीये."

मी ते वाक्य उचललं. एकही अक्षर सांडलं नाही. चारही काड्या उभ्या होत्या, वायर घट्ट होती. तिकडच्या खोलीत ते पोचलं हे मी खात्रीने सांगतो, कारण पडद्यावरची सगळी माणसं एकदम स्थिर झाली. अनिलनी मान खाली घातली. मग ते कॅमेऱ्याच्या अगदी जवळ आले.

"हॅलो? हॅलो? आवाज येत नाय तुमचा. नेटवर्क प्रॉब्लेम हाय वाटतं. पुढच्या महिन्यात बोलू."

आणि त्यांनी फोन ठेवला.

मित्रांनो, अनिल माझ्यातून पूर्वी कधी खोटं बोलले नाहीत असं नाही. गादीवर लोळत साहेबाला "निघालोय, रस्त्यात आहे" म्हणालेलं मी ऐकलं आहे. पण हे तसलं खोटं नव्हतं. त्या खोल्या मी पाहिल्या आहेत. दहा बाय बाराची खोली, त्यात चार माणसं आणि एक शिवणयंत्र. वाडी उठली तर आई-बापाला ठेवायचं कुठे, हा प्रश्न त्या पडद्यावरच्या प्रत्येक तोंडावर होता. गावाकडचं घर शाबूत आहे असं समजूनच ती माणसं तिथे झोपू शकत होती. मला हे समजत होतं. तरीही मी त्या दिवशी सुन्न झालो. इकडून वायर ओढायची, तिकडून बटण दाबायचं, आणि दोन्हीकडून नाव माझं.

दर्शनाताईंनी मला बरणीतून काढलं आणि मांडीवर घेऊन त्या ओट्यावर बसून राहिल्या. नवऱ्याचा नंबर माझ्यात अजून होता. त्यांनी तो उघडला, बघितला, बंद केला. मग पदराने माझी काच पुसली. बाकी काही केलं नाही.

त्यानंतर आठवडाभरातली गोष्ट. भर दुपारी भिकाजी आवडीबाईंच्या घराचं दार खांद्यावर घेऊन खाली आले. अख्खी फळी बिजागऱ्यांतून काढलेली. ओट्यावर माझ्या खाली त्यांनी ती आडवी घातली आणि रंध्याने तासायला लागले. तरुणपणी ते सुतारकाम करायचे. आवडीबाई तांब्यात पाणी घेऊन मागून आल्या.

"परत अडकायला लागलं, भावजी. आतून ढकललं तरी हालंना. मी खिडकीतनं हाक मारली तेवा तुमची दर्शना आली धावून."

"फुगलंय लाकूड."

"मागच्या टायमाला पण तुमी हेच बोलला."

"मग फुगतं ते. सागाचं नाय, आईनाचं हाय."

"वैशाखात फुगतं?"

भिकाजींचा रंधा थांबला. ऊन एवढं होतं की माझी बरणी तापून माझ्या पडद्यावर गरम झाल्याची सूचना आली होती. महिनोन्महिने पाण्याचा थेंब नाही. अशा दिवसांत लाकूड सुकून आकसतं. दारं उलट खुळखुळतात. हे वाडीतलं शेंबडं पोरही सांगेल, आणि भिकाजींनी तर आयुष्यभर चौकटी बसवल्या होत्या. फळी फुगली नव्हती. चौकट वाकडी झाली होती.

"दमट हाय हवा," ते खाली बघत म्हणाले.

आवडीबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग तांब्या पुढे केला. "पाणी घ्या. उनाचं आलाय."

त्यांनी दार तासलं, वर नेलं, बसवलं. वरून हाक आली, "लागतंय नीट." आणि आवडीबाईंची हाक, "लागतंय, लागतंय." मी बरणीत बसून ऐकत होतो. दोन समजूतदार माणसं एका घराचं दार लहान लहान करत चालली होती, कारण घर सरकतंय असं म्हणायचं नव्हतं. मला वाटलं होतं आता मला कशाचा धक्का बसणार नाही. बसला.

मित्रांनो, जुन्या वस्तूने शेवटी काहीतरी मागायचं असतं. मीही मागतो. मला कोरड्या फडक्याने पुसा. उन्हात फार वेळ टांगू नका, माझी बॅटरी फुगते, आणि ती मात्र खरंच फुगते. निरोप पोचला नाही तर मला शिव्या द्या, माझी हरकत नाही. पण जो निरोप तुम्हीच पाठवला नाहीत, तो माझ्या नावावर टाकू नका. एवढं जपलंत तर खणात गेलो तरी चालेल.

आता मृगाच्या आधीच्या रविवारचं सांगतो.

सभा भरली. भिकाजी खिडकीशी बसले. देवळाचं बोलून झालं आणि मुंबईच्या खोलीत विपुल उठून पुढे आला. तो सभेत सहसा बोलत नाही. आज हसत होता.

"एक सांगायचं होतं सगळ्यांना. आमची चाळ पाडायला काढलीये. तिकडं ट्रान्झिटमध्ये खोली मिळेस्तोवर तीन-चार महिने जातील. मी दोस्ताकडं ऱ्हाईन. साक्षीला आणि पोरीला गावाला धाडतो, आईकडं. परवाच्या गाडीत बसवतो. शाळेचं बोलणं केलंय, पोलादपुरात घालू."

त्याच्या काखेखालून ऋतिकाचं डोकं वर आलं. पुढचे दोन दात पडलेले. "आजी, मी येणार. बकरी आहे ना अजून? की विकली?"

बाहेर ओट्यावर आवडीबाईंनी हे ऐकलं. मी त्यांच्या बरोबर वर होतो. त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं तसं मी कुणाच्याच चेहऱ्यावर पाहिलेलं नाही, दर्शनाताई पहिल्यांदा माझ्यातून बोलल्या तेव्हा अनिलच्या चेहऱ्यावरही नाही. किती वर्षं जे मागत होत्या ते आज न मागता आलं होतं. शेजारणीने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "आली गो तुझी नात," ती म्हणाली.

मग आवडीबाईंनी मान वळवून वर, आपल्या घराकडे पाहिलं.

आत कोंडाजींनी छताकडे पाहिलं, मग तिथूनही नजर काढली. मी भिकाजींच्या हाताकडे बघत होतो. तो हात कट्ट्यावरून सरकत जोडाकडे निघाला होता. सवयीने, दुसरं काही सुचत नाही म्हणून. आणि मला दरदरून घाम फुटला असता, फुटत असता तर. कारण या वेळी वायर निघाली म्हणजे विषय टळणार नव्हता. मुंबईला वाटणार, रेंज गेली. आणि परवाच्या गाडीतून ती दात पडलेली पोर उतरणार, डोंगर चढणार आणि त्या तासलेल्या दाराच्या आत झोपणार.

अंगठा जोडावर आला.

आवडीबाई उठल्या. चपला ओट्यावर सोडल्या. सभा चालू असताना आत गेलेली बाई मी त्याआधी पाहिली नव्हती. बाप्यांनी पाय आखडून वाट दिली, कारण काय करावं ते त्यांना कळलं नाही. त्या खिडकीशी गेल्या आणि त्यांनी आपला हात भिकाजींच्या हातावर ठेवला.

"भावजी, हात काढा."

"वैनी, सभा चालू हाय."

"चालूच ऱ्हाऊ दे. म्हणूनच बोलते, हात काढा."

भिकाजींनी त्यांच्याकडे पाहिलं. मला वाटलं ते रागावतील. त्यांनी हात काढून मांडीवर घेतला आणि दुसऱ्या हाताने तो धरून ठेवला.

पडद्यावर अनिल घाईने पुढे झाले. "काकी, तुमचा आवाज तुटतोय. नेटवर्क..."

"तुटत नाय."

हे दर्शनाताई बोलल्या. त्या दाराशी उभ्या होत्या, बांबू खाली घ्यायच्या तयारीने. चालू सभेत त्यांचा आवाज पहिल्यांदा ऐकू आला, आणि तोही नवऱ्याला. "चार काड्या हायेत. दर टायमाला हायेत. फोन ठेवू नका."

अनिलचा पुढे आलेला हात तिथेच राहिला.

आवडीबाई कॉम्प्युटरसमोर बसल्या. पडद्यावर विपुल होता, त्याच्या काखेत ऋतिका, मागे खोलीभर माणसं.

"आई?" विपुल म्हणाला. "बरी हायेस ना?"

त्यांनी पदर नीट केला. मी फक्त काम केलं. शब्द बाहेर येत गेले तसे एकेक उचलून वर पाठवत गेलो.

"नाय बरी मी. पोरीला धाडू नको, विपुल. माझं घर खाली सरकतंय. वरचा डोंगर फाटलाय, आणि ते आमाला सगळ्यांना ठाव हाय, तुमालाही ठाव हाय. आता ही वाडी सोडाया लागंल."